घोणशीची पिल्लं

केळीचं पान कापताना येणाऱ्या तुरट वासानं मला आजही अर्धापूरचा मळा आठवतो. निजामाचं राज्य होतं आणि मी मॅट्रिकला होतो. आयुष्यात जिवंत साप न पाहता सापांवर तासन्‌तास बोलणारे आमचे मास्तर आम्हाला तिथं सापाची अंडी दाखवायला घेऊन गेले होते.

मळ्यात राबणाऱ्या भागाबाईनं काठीनं वाळली पानं सारली. खाली घोणस पिल्लं देत होती. ओल्या पापुद्र्यातून वीतभर पिल्लं वळवळत बाहेर येत होती. अंगावर आईसारखीच साखळी.

मास्तर केव्हाच बैलगाडीवर चढले होते. तिथूनच म्हणाले, "किताबात साफ लिहिलंय, साप अंडी घालतो. अंडी शोध."

"घोणस अंडी न्हाई घालत, मास्तर. पिल्लंच देते," भागाबाई म्हणाली. "लई जहरी हायत. पोरांना मागं घ्या."

"अडाण्यांना काय कळतं," म्हणून ते हसले. मीही हसलो. शेवटी तिनंच आम्हाला मागं ढकललं.

परीक्षेत मी ‘सर्व साप अंडी घालतात’ असं लिहिलं आणि अव्वल आलो. मास्तरांना गाडीवरून दिसलं नसेल. मी तर दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.