चौथं घर

नगरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवत असे आणि मला जुन्या बंदुकांचा नाद होता. सुटीच्या दिवशी एसटीनं एखाद्या गावी जायचं, कुणाच्या भिंतीवरची बंदूक पाहायची, फोटो काढायचा आणि मग कधीतरी वाचनालयात जमलेल्या लोकांना तिची हकिकत सांगायची.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात एका सहकाऱ्यानं सांगितलं, मिरजगावच्या पुढं त्याच्या नात्यातल्या घरी एक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीनं उडवायची बंदूक आहे. तिच्या नळीमागं एक फिरता ठोकळा आहे आणि ठोकळ्यात चार घरं. लागोपाठ चार बार काढणारं इतकं जुनं हत्यार मी फक्त चित्रात पाहिलं होतं. पहिल्या रविवारीच निघालो.

घरात सासू आणि सून दोघीच होत्या. मुलगा खडी फोडायच्या सरकारी कामावर मुकादम म्हणून गेला होता. सासूबाई साठीच्या, विधवा. सून त्याच साली लग्न होऊन आलेली. बंदूक माजघरात दोन खुंट्यांवर आडवी ठेवली होती, पण उलटी, चाप वर करून. मी ती दारात उजेडाला आणली. तीन घरं रिकामी होती. चौथ्याचं तोंड मेणानं बंद केलेलं, आणि तेच घर नेमकं नळीच्या मागं आलेलं.

"मावशी, ही भरलेली आहे?"

"भरलेलीच असती," सासूबाई म्हणाल्या.

मी ठोकळा फिरवून रिकामं घर नळीमागं आणलं आणि बंदूक होती तशी खुंट्यांवर ठेवली. चहा आला. आम्ही तिघं समोरच बसलो होतो, बंदुकीजवळ कुणी गेलं नाही. फोटोसाठी पुन्हा बंदूक काढली, तर मेणाचं घर नळीमागं परत आलेलं. थोड्या वेळानं कारण लक्षात आलं. ठोकळा अडवणारी पट्टी झिजली होती, आणि बंदूक उलटी असल्यामुळं गोळीच्या वजनानं तेच घर खाली, नळीकडं सरकत होतं. कारण कळलं तरी बरं वाटलं नाही. ती तशी उलटी ठेवायची, हे कुणीतरी ठरवलेलं होतं.

"हे एकच घर का भरून ठेवलंय?"

मावशी म्हणाल्या, "मी लगीन हून आले तवा सासूनं हितं उभं केलं. म्हनली, तीन घरं येनाऱ्या दरवडेखोरांची, चौथं घर तुजं. मी ल्हान हुते. मला वाटलं, लई मोटं घर दिलं मला."

"मग कळलं कधी?"

"पोरगं झाल्यावर. पेंढारी यायचे तवाची रीत हाय म्हनं. वैऱ्याच्या हाती बाई जाऊ द्यायची न्हाई. तीन बार झाल्यावर घरातल्या मानसानं चौथा बाईवर काढायचा. पेंढारी सरले तशी तीन घरं रिकामी ऱ्हायली, चौथं तेवढं भरत आलो."

मी नकळत मेणाला हात लावला. नख सहज रुतलं. मेण ताजं होतं.

"हे कुणी लावलं?"

"मीच. नवी सून आली की सासूनं नवं मेन लावायचं आसतं." त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही. सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

बाहेर ऊन रणरणत होतं आणि घरात मात्र एकदम गार वाटलं. सून हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, रिकामं करता येतं का?"

"येतं. मावशींची हरकत नसेल तर."

मावशी उठल्या आणि स्वतःच पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला.

आम्ही बंदूक अंगणात नेली. वातीच्या भोकातून मी पाणी सोडत राहिलो, दारू पुरती भिजेपर्यंत. मग मेण काढलं. आतून गोळी निघाली, चिंध्यांत गुंडाळलेली. एक खणाची हिरवी, तिच्याखाली जुनाट पिवळी, तिच्याखाली कसली ते ओळखू न येणारी. वरची हिरवी चिंधी सुनेनं उचलली. "माझ्या लग्नातल्या चोळीची," ती म्हणाली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. गोळी घेऊन सून परसात गेली. तिचं तिनं काय केलं, मी विचारलं नाही.

पावसाळ्यानंतर वाचनालयात मी या बंदुकीवर बोललो. गाव आणि घर सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं. पुरुषांनी बार किती लांब जात असेल ते विचारलं. सगळे उठल्यावर एक म्हाताऱ्या बाई माझ्याजवळ आल्या. चांगल्या शिकलेल्या वाटत होत्या.

"आमच्याकडे बंदूक नव्हती," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नव्या सुनेला विहीर दाखवायचे."

त्यांनी छत्री काठीसारखी टेकली आणि एकेक पायरी उतरत त्या रस्त्याला लागल्या.