भरीत होईतोवर मॅच

माझा नवरा आजही चारचौघांत सांगतो, "त्या रात्री नेमकी बॅटरी संपली." जणू काही बॅटरी आपली आपण उठली, फिरायला गेली आणि संपून परत आली. बॅटरी संपत नाही. ती संपवतात. आणि ती कोणी संपवली हे मी चुलीजवळ बसून, धुराने चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे तो हे सांगायला लागला की मी उठून आत जाते. आत गेले नाही तर बोलेन, आणि बोलले तर पाहुण्यांना चहा मिळायचा नाही.

गोष्ट माझ्या मुलीच्या नाचाची आहे. ती तेव्हा सात वर्षांची होती, दुसरीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला पहिल्यांदाच पुढच्या रांगेत घेतलं होतं. दिवाळीनंतर आमच्या जळगावच्या घरात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दात घासताना तेच गाणं, दप्तर भरताना तेच गाणं. मी पोळ्या लाटत असले तर ओट्याशेजारी येऊन गिरकी घेऊन दाखवायची आणि विचारायची, "मम्मी, हात बरोबर आहे का?" मला कुठलं कळतंय. मी आपली म्हणायची, बरोबर आहे.

आणि संमेलनाच्या आदल्या दिवशी तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या. शाळेने अर्थातच येऊ नका सांगितलं, त्यात शाळेचं काही चुकलं नाही. भाड्याने आणलेली नऊवारी मी न उघडताच परत करून आले. पोरगी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. समजूत घालून घालून मी थकले. तेव्हा हे तिच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "आपण काकांच्या शेतात जाऊ. तंबू लावू, भरीत पार्टी करू, आणि रात्री तुझा स्पेशल प्रोग्राम. लाइट, साउंड, स्टेज, सगळं. सगळ्यांनी फक्त तुझा नाच बघायचा." ती उठून बसली. दोन दिवसांत तिने पहिल्यांदा वरणभात खाल्ला.

हा शब्द कोणी दिला, हे लक्षात ठेवा. मी दिला नव्हता.

आमच्या जेठांचं, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाचं, शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. तिथवर विजेचे खांबच गेलेले नाहीत. विहिरीवर सोलरचा पंप आहे, पण तो ऊन असेल तोवर पाणी फेकतो आणि सूर्य कलला की गप्प बसतो. ह्यांना त्याची फिकीर नव्हती, कारण ह्यांनी सेलमध्ये एक बॅटरीचा डबा घेतला होता. बसायच्या स्टुलाएवढा, वर पकडायला मूठ, पुढे चार हिरव्या रेघांचा दिवा. तोपर्यंत घरची लाइट गेली की त्यावर फक्त वायफाय चालायचं. "हा डबा म्हणजे काय वाटलं तुला," हे मला म्हणाले, "रात्रभर चालतो. दोन तंबू, डबा आणि प्रोजेक्टर, बास. जंगलात मंगल."

प्रोजेक्टर कशाला, मी विचारलं. तर म्हणे असू दे, पोरांना कार्टून लावता येईल.

जानेवारी संपत आला होता, थंडी मस्त होती. गाडी आम्ही गावातच सोडली, कारण पुढे नाल्यातून वाट आहे. भाऊंनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्हाला, सासूबाईंना, माझ्या जाऊबाईंना आणि पोतंभर वांग्यांना शेतात आणून सोडलं. सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. मग ट्रॅक्टर कोणाला तरी केळी भरायला हवा होता म्हणून गडी तो गावात परत घेऊन गेला. म्हणजे आता आमच्याकडे उजेड आणि आवाज देणारी वस्तू एकच होती, तो डबा.

पोरीने दुपारभर काय केलं असेल? ज्या खळ्यावर नाचायचं ठरलं होतं तिथले खडे वेचले. अनवाणी नाचायचं होतं ना. फ्रॉकच्या ओच्यात खडे भरायचे, बांधापलीकडे टाकायचे, परत यायचं. मग प्रत्येकाची जागा ठरवली. अक्का इथे, काका इथे, पप्पा मध्ये, दादाने शिट्ट्या मारायच्या. दादा म्हणजे माझा मोठा मुलगा, नऊ वर्षांचा. "आणि मम्मी, तू सगळ्यात पुढे. तू स्वयंपाक करत बसायचं नाही हं. तुझं झालं की मगच सुरू." मी म्हटलं बरं. आता वाटतं, हो म्हणायलाच नको होतं. पण सात वर्षांची पोर आईने नाच पाहावा म्हणून थांबते, यात तिची तरी काय चूक?

दिवेलागणीला ह्यांनी बोरीच्या झाडावर छोट्या दिव्यांची माळ सोडली, स्पीकर लावला, गाण्याच्या दोन ओळी वाजवून पाहिल्या. डब्यावर चारही रेघा हिरव्या. पोरीने पायात घुंगरू बांधले, माझी लाल ओढणी कमरेला खोचली आणि विचारलं, "करू सुरू?"

हे म्हणाले, "अगं, मम्मीचं भरीत व्हायचंय ना अजून. भरीत होईतोवर आम्ही मॅच बघतो."

या 'तोवर'ने माझं अर्धं आयुष्य खाल्लंय. बायकांची कामं उरकेतोवर पुरुषांचं काहीतरी चालू असतं, आणि ते संपेतोवर बायकांची नवी कामं निघालेली असतात. दोन झाडांना चादर बांधली, प्रोजेक्टर लावला. शेतात रेंज फक्त विहिरीच्या थारोळ्यापाशी, जिथे पंपाचं पाणी पडतं तिथे, तर माझा मोबाइल तिथे ठेवून त्याचं नेट इकडे घेतलं. अशा कामात ह्यांचं डोकं काय चालतं म्हणून सांगू. मॅचचा आवाज शिवारात घुमला तसे शेजारच्या शेतातले रात्रीच्या राखणीचे दोघे जण येऊन बसले. त्यांचे मोबाइल उतरलेले, तेही डब्याला लागले. मग भाऊंचा लागला, मग ह्यांचा. डब्याला जेवढी भोकं होती तेवढ्यांत वायरी.

इकडे आम्ही दोघी जावा कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजत होतो. भरीत म्हणजे नुसती वांगी भाजणं नव्हे. ती सोलायची, ठेचायची, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, वरून शेंगदाणे, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, आणि पोरांना म्हणून पुऱ्या. धूर सगळा आमच्याच तोंडावर. मधूनमधून छुम छुम करत पोरगी यायची आणि विचारायची, "झालं?" मी म्हणायची, होतंय बाळा. मग ती जाऊन खळ्याच्या कडेला उभी राहायची. चादरीवर चेंडू उडत होते आणि ती पाठीमागे हात बांधून, नाच सुरू होण्याआधी शाळेत जसं उभं राहायला शिकवलं होतं तशी उभी.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी हातातलं वांगं ठेवलं आणि उठून गेले. म्हटलं, "अहो, तिचं आधी होऊ द्या. चार मिनिटांचं गाणं आहे. आम्ही दोघी येतो, मग बघा तुमचं."

"शेवटच्या ओव्हर चालू आहेत गं," हे चादरीवरची नजर न हलवता म्हणाले. "आणि तुमचं जेवण तयार झालं ना? मग जेवून निवांत बसू."

"डबा पुरेल का?"

"भरपूर आहे गं. तू काळजी नको करू."

मी डब्याकडे पाहिलं. दोन रेघा राहिल्या होत्या. मी बोट दाखवलं तर अक्का त्यांच्या अहिराणीत मध्ये पडल्या, आधी माणसांना जेवू दे म्हणून. "पहिले माणसेस्ले जेवू दे, मंग नाची लेई ती. पोर काय पळी जाई का?" भाऊंनी मान डोलावली, जेवून सगळेच आरामात बघू म्हणे. "बरोबर शे. जेवीसनी बठ्ठा आरामात देखू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राखणीची दोन परकी माणसं बसलेली, त्यांच्यासमोर काय बोलणार? गिळलं आणि पानं वाढायला घेतली.

आमच्याकडे भरीत पार्टीची रीत आहे. पहिली पंगत पुरुषांची आणि पोरांची, दुसरी बायकांची. शेतात असो की घरी, आणि पार्टी कोणाच्याही आनंदासाठी का असेना. पुरुष केळीच्या पानावर जेवायला बसले आणि मॅच चालूच. जेवताना अंधार नको म्हणून बोरीवरची माळही चालूच. माझा मुलगा भाकरी हातात धरून ओरडत होता. पोरीला म्हटलं, तू पण बस पहिल्या पंगतीला, तर म्हणाली, "पोट भरलं की गिरकी घेताना दुखतं, बाईंनी सांगितलंय." ती उपाशी थांबली. मॅच संपली, तर बक्षीस कोणाला मिळतंय तेही बघायचं होतं. तोवर आम्ही बायका बसलो. मी चार घास कसेबसे कोंबले. पाचवा घास हातात होता आणि चादर काळी झाली. दोन क्षणांनी बोरीची माळ गेली. स्पीकरवरचा निळा ठिपकाही गेला.

हे म्हणाले, "अरेच्चा." डब्याचं बटण दाबलं, परत दाबलं, हलवून पाहिलं. आणि मग त्या अंधारात एकेकाच्या मोबाइलचा टॉर्च लागला. सगळ्यांचे मोबाइल कसे भरलेले. त्या टॉर्चच्या उजेडात मला खळ्याच्या मधोमध माझी पोरगी दिसली. ती जागेवर जाऊन उभी राहिली होती. शेवटचा घास माझ्या हातात पाहून तिला वाटलं होतं, आता सुरू.

"सकाळी उन्हात नाच ना बेटा," भाऊ म्हणाले. "मस्त उजेड राहतो."

"नाहीतर मोबाइलवर लाव ना गाणं," हे म्हणाले. "आम्ही टॉर्च धरतो. नाचायचंच तर आहे."

नाचायचंच तर आहे. तुमची मॅच मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर चालली असती का हो? तिला चादर लागते, प्रोजेक्टर लागतो, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढा आवाज लागतो. आणि पोरीच्या नाचाला उरलेला टॉर्च पुरतो. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं, पण माझ्याआधी पोरगीच बोलली.

"राहू दे पप्पा. मला पण झोपच येत होती."

झोप वगैरे काही येत नव्हती. तिचे डोळे टक्क उघडे होते. पण आवाज असा की जणू तीच आम्हाला समजावतेय. आणि अक्कांनी तिला जवळ ओढलं, तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "समजदार शे मनी नात. बठ्ठ्या पोरेस्मा समजदार."

मग मात्र मी बोलले. परके असोत नाहीतर कोणी असोत. "अक्का, तिला समजदार म्हणू नका. ती सात वर्षांची आहे. तिने रडायला पाहिजे, पाय आपटायला पाहिजे, त्या डब्याला लाथ मारायला पाहिजे. दादाची मॅच अर्ध्यात बंद पडली असती तर तो समजदार राहिला असता का? तुम्ही कोणी राहिला असता का?"

"अगं, एवढ्याशा गोष्टीवरून," हे म्हणाले.

"एवढीशी कोणाची?" मी म्हटलं. "तुम्ही शब्द दिला होता तिला. तिच्या उशाशी बसून. आम्ही फक्त तुझा नाच बघू म्हणाला होतात. इथे आलो ते कशासाठी? मॅच घरी दिसत नव्हती?"

जाऊबाई खाली मान घालून पानं गोळा करत होत्या. राखणीची माणसं चपला शोधायला लागली. तेवढ्यात माझ्या साडीला ओढ बसली. पोरगी खाली उभी होती. "मम्मी, तू भांडू नको ना," ती हळूच म्हणाली. "मी खरंच नाही नाचत."

माझा राग जागच्या जागी थिजला. मी कोणासाठी भांडत होते? तिला वाटलं, तिच्यामुळे सगळ्यांची पार्टी बिघडली. तिने खाली बसून स्वतःच घुंगरू सोडले. मी भरवायला बसले तर चार घास मुकाट खाल्ले, आणि तंबूत जाऊन झोपली. सकाळी भरपूर ऊन होतं. कोणी नाच म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी ती नाचली नसती. जळगावला परतल्यावर ह्यांनी गच्चीवर दिवे लावतो म्हणून दोनदा सांगितलं. ती दोन्ही वेळा "बघू" म्हणाली, अगदी मोठ्या बाईसारखं. तिसऱ्यांदा ह्यांनीही विचारलं नाही.

परवा पुन्हा शाळेत संमेलनाची नावं द्यायची वेळ आली. आम्ही जेवायला बसलो होतो. मुलगा नाटकात जाऊ की कराट्यात जाऊ म्हणून घास चघळत भांडत होता. मी पोरीला विचारलं, "आणि तू? नाचात नाव द्यायचं ना?"

ती ताटातल्या भाजीतून मिरची बाजूला काढत होती. म्हणाली, "आधी दादाचं ठरू दे. मग माझं बघू."

माझा हात भांड्यातच राहिला. हे भात कालवत कौतुकाने म्हणाले, "बघ, किती समजूतदार झालीये."

मी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. वाटलं, आता तरी तिला राग येईल. ती लाजून हसली. तिला ते आवडलं होतं.