मार्टाकाकूंच्या घरचं बटण

पाथर्डीहून जर्मनीला जाऊन मी उन्हाळ्याचे दोन महिने मार्टाकाकूंच्या घरी राहिले आणि जर्मन शिकले, असं मीच सगळ्यांना सांगते. काय दिवे लावले, ते निघायच्या दिवशी कळलं.

आईनं फोनवर बजावलं होतं, "काकूंच्या पाया पड, लई केलं त्यांनी तुझं."

मी दारात वाकले. माझं काहीतरी पडलं असं वाटून काकूही वाकल्या, मग काका गुडघ्यांवर आले. पाया पडणं समजावण्याइतकं जर्मन कुठून आणू? मीही मुकाट शोधू लागले. शेवटी काकांना कपाटाखाली एक जुनं बटण सापडलं. ते मी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. काकूंना हायसं वाटलं.

घरी येताच आईनं विचारलं, "आशीर्वाद दिला का गं?"

मी बटण पुढं केलं.