वसंताची एक खोटी साक्ष

सकाळी उसाला पाणी पाजत होतो, तेव्हा वसंताच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच बोलल्या. आणि मी काय म्हणावं? "असा कसा गेला? परवा तर चांगला बोलत होता माझ्याशी!" अहो, नुकताच नवरा गेलेल्या बाईवर ओरडलो मी. स्वभावच मेला तसला, दुःख झालं की आधी राग येतो. तसाच चिखलाच्या पायांनी सांगलीची एसटी धरली. महिना होऊन गेला आता, पण वसंताची एक गोष्ट लिहून टाकल्याशिवाय जिवाला चैन पडेना, म्हणून बसलोय.

वसंता आणि मी कराडजवळच्या एकाच गावचे, शाळेत एकाच बाकावरचे. मी शेतीत राहिलो. तो रसायनशास्त्र शिकला आणि सांगलीला पोलीस खात्यात बोटांच्या ठशांचा तज्ज्ञ झाला. डोळ्यांना दिसत नाहीत, ते ठसे वर आणायचे हे त्याचं काम. काच किंवा पत्रा असला तर बंद पेटीत गोंदाची वाफ द्यायचा, की पांढऱ्या रेषा उमटायच्या. कागदाला मात्र निनहायड्रिन. "घाम कागदात मुरतो गड्या, वर्षानुवर्षं ऱ्हातो. हे औषध लागलं की ठसा जांभळा होऊन वर येतो," तो सांगायचा. मी म्हणायचो, "लेका, आमचा घाम मातीत मुरतो, तो काय कधी वर येत न्हाई बघ!" पोट धरून हसायचा. पण कोर्टात उभा राहिला की हसणं बंद. वकिलानं कितीही फिरवू दे नाहीतर साहेबानं डोळे वटारू दे, दिसलं तेवढंच सांगणार, वर एक शब्द नाही.

माझा थोरला भाऊ, संभादादा, फौजेत होता. सीमेवर बर्फाखाली गेला. पेटी आली ती बंदच, उघडायची नाही म्हणून सांगितलेलं. आईनं लाकडावरून हात फिरवला, बस्स. मागं राहिलं ते त्याचं शेवटचं आंतर्देशीय पत्र. आईला अक्षरओळख नव्हती. दर शनिवारी दिवाबत्ती झाली की ती पत्र माझ्या हातात द्यायची आणि मी वाचून दाखवायचो. नऊ वर्षं वाचलं. ती स्वतः आतल्या बाजूला बोटसुद्धा लावायची नाही. "वाचता येत न्हाई, उगं मळवू कशाला," म्हणायची.

एकदा वसंता जत्रेला गावी आला होता. ओसरीवर बसून कामाच्या गोष्टी सांगत होता, तर आईनं त्याचा हातच धरला. "वसंता, माझ्या संभाचं बोट दावशील?" त्यानं पत्र मागून घेतलं आणि कडांना धरून शाई बघितली. मग म्हणाला, "आवं काकू, औषध लावलं की पेनाची शाई पळंल. आधी फोटो काढून ठिवीन, पर ह्या कागदावरलं अक्षर जाईल." आई म्हणाली, "अक्षर मला पाठ हाय रं. हात न्हाई बघाय मिळाला त्याचा..."

पत्र घेऊन गेला. जाताना माझ्या दहाही बोटांचे ठसे घेतले. आतल्या बाजूला हात लागलेले दोघांचेच, माझे वगळले की उरतील ते दादाचे, असा हिशेब. पंधरा दिवस आई रोज विचारत होती, आला का वसंता, आला का वसंता. शेवटी आला. पारदर्शक पिशवीत पत्र होतं. अक्षरांचे निळे ओघळ झालेले आणि कागदभर जांभळी बोटंच बोटं. कोपऱ्यातल्या एका अंगठ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "ह्यो बघा काकू, संभादादाचा." आईनं पत्र पिशवीतून काढलं आणि त्या अंगठ्यावर आपलं बोट टेकवलं, झोपलेल्या पोराच्या गालाला लावावं तसं. "केवढा अंगठा ग माझ्या बाळाचा," म्हणाली आणि कानशिलावर बोटं मोडली.

वसंताला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेलो. तिथं तो खाली मान घालून म्हणाला, "बाळू, त्यो अंगठा तुजा हाय. सगळे ठसे तुजेच हायत. नऊ वर्षं वाचलंस न्हवं... त्याच्या बोटांवर तुजी बोटं चढत गेली. त्याचं एकबी न्हाई रं ऱ्हायलं."

काय सांगू काय झालं माझं! आईसाठी म्हणून वाचत होतो, आणि दर शनिवारी दादाला पुसत होतो. मी वसंताची कॉलर धरली. "कोर्टात शपथेवर खरं बोलतोस, आन् माझ्या आईपुढं खोटं?" त्यानं कॉलर सोडवून घेतली नाही. "जा मग, तू सांग तिला खरं," म्हणाला. मला जमलं नाही. माझ्यानं झालं नाही ते त्यानं केलं, आणि राग मात्र त्याच्यावर धरला. चार वर्षं बोललो नाही त्याच्याशी. शनिवारी आई त्या अंगठ्यावर बोट ठेवून बसायची आणि मी गोठ्यात निघून जायचो.

आई गेली तेव्हा ते पत्र तिच्याबरोबरच दिलं. संगमावर रक्षा सोडायला गेलो, तर वसंता न बोलावता येऊन माझ्या शेजारी पाण्यात उभा राहिला. तिथून बोलणं सुरू झालं. पत्राचा विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही. शेवटी तो त्यानंच काढला, मिरजेच्या दवाखान्यात, जायच्या दोन दिवस आधी. "उभ्या नोकरीत खोटी साक्ष दिली न्हाई बाळू. ती एकच... अजून राग हाय व्हय?" नव्हता हो! केव्हाच गेला होता. पण मी म्हणालो काय, तर "गप पड, डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय." तेच शेवटचं. आता इथं लिहितोय, वसंता, राग नव्हता रं. पण वाचणार कोण?

तेराव्यानंतर निघताना वहिनी त्याच्या खोलीत घेऊन गेल्या. टेबलावर चष्मा होता. डाव्या काचेवर मधोमध अंगठ्याचा डाग. "रोज ओरडायचे मी, काचेला धरून काढू नका म्हणून," वहिनी म्हणाल्या. "आता पुसवत नाही." नकळत माझा हात पुढं गेला. वहिनींनी दोन्ही काड्या धरून चष्मा चटकन मागं घेतला.

"नको भाऊजी... तुमचं बोट लागेल."

मी दोन्ही हात पाठीमागं नेले.