पालथ्या तांब्यावरचा पेला

भूकंपानंतर काही वर्षांनी लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, तेव्हा मी एका क्लासात फिजिक्स शिकवायचे. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं, आणि डोक्यातही फारसं काही नव्हतं.

माझ्या घरासमोरच्या खोलीत एक बाई भाड्यानं राहायची. दोन मुलं भूकंपात गेलेली, उरलेल्या लेकीला डॉक्टर करायला गाव सोडून आलेली. रोज संध्याकाळी ती लेकीच्या उशाशी तांब्या पालथा घाली आणि त्यावर पेला तोलून ठेवी. जमीन हलली की पेला पडणार, ही जागी होणार.

एकदा ते पाहून चष्मा सावरत मी भाषण ठोकलं, "अहो, पुढं क्वांटम कॉम्प्युटर येतील. यंत्राला भाषा येईल, जाणीव येईल. ते जागेल, मराठीत हाका मारेल. तुम्ही खुशाल झोपा!"

"पेला नुसता वाजतो, म्याडम. भ्या मला हाय, म्हणून मी उठते. तुमच्या यंत्राला माझी लेक मरायचं भ्या वाटंल का?"

"भीतीचंही सूत्र निघेल हो!"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "भूकंपात तुमचं कोण गेलं?"

"कुणीच नाही."

"मग निघंल," ती म्हणाली.