दोन अक्षरांची आत्या

आत्या प्राणीसंग्रहालयात पाणघोड्याचं तळं धुवायची आणि संध्याकाळी भावाच्या घरी, बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर टेकायची. पाहुणे आले की ती खाट आत्यासकट स्वयंपाकघरात जायची. त्या दिवशी ती टेकते न टेकते तोच भाची पेन्सिल परजत हजर. शाळेसाठी उन्हाळा आणि प्राणी यांवर कविता हवी होती: पाच, सात, पाच अक्षरांच्या तीन ओळी.

“कविता करायची की वजन करायचं?” आत्या करवादली. तरी बोटांवर मोजायला लागली. ‘अस्वल’ची तिने चार अक्षरं धरली.

“अर्धा स मोजायचा नाही गं!”

“का? त्याने काय घोडं मारलंय?”

शेवटी ‘अस्वल, पाणघोडा’ अशी सातांची ओळ जुळली. पाणघोडा हवाच, हा आत्याचा हट्ट. “उन्हाळ्यात खरे हाल त्याचेच,” असं म्हणता म्हणता बसल्या जागी तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा कविता पुरी झाली होती:

उन्हाळा आला
वाघ, अस्वल, आत्या
झोपले सारे

“मला जनावरांत बसवलंस, कार्टे?” पण तिला झोंबलं होतं वेगळंच. “आणि माझा पाणघोडा कुठाय?”

“त्याची चार अक्षरं. तो काढला, तेव्हा कुठे वाघ आणि तू बसलात,” भाची म्हणाली. “तुझी दोनच ना, आत्या. तू कुठेही मावतेस.”