रोलांदचं तोंड

गावात रोलांदला सगळे भोंगा म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर पडेल अशा बेताने. रविवारी सकाळी सायकल क्लबची मंडळी कालव्याच्या रस्त्याला लागली की आधी तिचा आवाज यायचा, मग सायकली दिसायच्या. "खड्डा आहे, उजवीकडून काढ. पुढे शेण पडलंय. पूल आला, हळू घे. ट्रॅक्टर येतोय, कडेला हो मेल्या, कडेला." हा सगळा भडिमार एकट्या इलेरवर, म्हणजे तिच्या नवऱ्यावर. तो तिच्या मागच्या चाकाला चाक लावून मुकाट्याने पेडल मारत असायचा. बघणाऱ्याला वाटायचं, या माणसाने असं काय पाप केलं होतं कोण जाणे.

खरी गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. इलेरला दिसत नव्हतं. अगदी ठार आंधळा नव्हता तो. कडेकडेचं दिसायचं आणि नेमकं समोरचं जायचं. जिथे नजर लावावी तिथेच करडा डाग, काचेवर कुणी अंगठा फिरवल्यासारखा. बायकोकडे पाहिलं तर तिचे कान दिसायचे, चेहरा नाही. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे वयाचं दुखणं आहे, याला औषध नाही, मोटार चालवणं आजपासून बंद. सायकलचं त्यांनी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही.

रोलांद मुळात बोलकी नव्हती, हे आता कुणाला सांगूनही पटायचं नाही. तिची सासू म्हणायची, "ही सून आहे की वाम मासा? ना आवाज, ना हाताला लागत." शाळेच्या जेवणघरात पोरांना घेवडा आणि हॅम वाढता वाढता तिचा जन्म गेला, पण तिथेही ती पळीनेच खुणा करायची. चारचौघांत बोलायची वेळ आली की तिच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. लग्नात 'हो' म्हणाली तेही पाद्र्याला ऐकू गेलं नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं तेव्हा चर्चमध्ये हशा पिकला होता. तो हशा ती कधीच विसरली नाही.

इलेर धान्याच्या कोठारावर कामाला होता. आठवडाभर धूळ खायची आणि रविवारी वारा खायचा, हे त्याचं आयुष्य. फ्रान्समध्ये दुसरीकडे सायकलवाल्यांना डोंगर छळतात, आमच्या पाणथळीत वारा छळतो. समुद्राकडून सुटला की त्याला अडवायला एक टेकाड नाही. रस्ता सरळसोट, कडेला कालवा, मग एकदम काटकोनात वळण, की पुन्हा सरळ रस्ता आणि पुन्हा कालवा. वळण चुकलं तर थेट पाण्यात, आणि पाण्याखाली चिखल असा, की गाय पडली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. लहानपणापासून इलेर याच रस्त्यांवर होता. आधी वळणावळणावर अ‍ॅशच्या उंच झाडांची रांग असायची, कडेच्या नजरेनेही ती कळायची. मग झाडांना रोग पडला आणि पालिकेने ती पाडून टाकली. राहिला तो नुसता उजेड, सगळीकडे सारखा.

डॉक्टरीणबाईंकडून परत आले त्या संध्याकाळी इलेर सूप पुढे घेऊन बसला होता. म्हणाला, "सायकल गेली तर मी फार दिवस टिकायचो नाही." धमकी नव्हती ती. उद्या पाऊस आहे, असं म्हणावं तसं म्हणाला.

"क्लबला कळलं तर?" रोलांदने विचारलं.

"आंसेल्म त्याच दिवशी नाव काढेल."

आंसेल्म म्हणजे क्लबचा अध्यक्ष. तो नाव काढेल हे खरं होतं, आणि काढलं असतं तर त्यात त्याचं काही चुकलंही नसतं. पण शहाणपण एकीकडे आणि नवऱ्याचा उतरलेला चेहरा एकीकडे. रोलांद बराच वेळ भांडी घासत राहिली आणि मग म्हणाली, "मला शिकव."

साठीला टेकलेली बाई सायकल शिकायला लागली. बांधावर इलेर सीट धरून पळायचा, ज्याला समोरचं दिसत नाही तो. दोघं मिळून खाजकुइलीत पडायची. रोलांदचे गुडघे सोलले, मनगट सुजलं, तिने हूं की चूं केलं नाही. वर्ष सरता सरता ती क्लबात आली, नारिंगी जॅकेट घालून, इलेरच्या पुढे. आणि तिने तोंड उघडलं. पहिल्या रविवारी तिच्या मानेवर चट्टे उठले होते. सगळे वळून बघत होते, हसत होते, आणि ती ओरडत होती, "खड्डा, खड्डा, डावीकडे." कुणाला संशय येऊ नये म्हणून मध्येच एखादी शिवीही घालायची. बायकोची कटकट म्हटली की कुणी खोलात जात नाही. तिला हे बरोबर कळलं होतं.

फेरी संपली की क्लब कॅफेत बसायचा, पांढरी वाइन आणि ब्रियोशचा गोड पाव घेऊन. तिथे टिंगलीला ऊत यायचा.

"काय रे इलेर," आंसेल्म एकदा म्हणाला, "घरी पलंगावरही ती अशीच डावी-उजवी सांगते का?"

"तिथे खड्डा एकच आहे, तो मला माहीत आहे," इलेर म्हणाला, आणि कॅफे खदखदून हसला.

घरी आल्यावर रोलांदने जॅकेट खुंटीला टांगलं आणि पाठ फिरवूनच बोलली, "तुझ्यासाठी मी गावची कैदाशीण झाले. आणि तूही हसतोस?"

"हसलो नाही तर त्यांना कळेल."

"एक दिवस हसू नकोस."

त्याने तिचा हात शोधला, तो लगेच सापडला नाही. "रोलांद, तू ओरडतेस ना, तेव्हा मला सगळा रस्ता दिसतो. आंसेल्मला दिसत नसेल इतका." तिने तो हात घट्ट धरला. पण टिंगल लागायची ती लागायचीच. माणूस काही दगडाचा नसतो, आणि लाजाळू माणूस तर नाहीच नाही.

अशी काही वर्षं गेली आणि एका मार्चमध्ये फेर्नां गेला. क्लबातला सगळ्यात जुना गडी. क्लबचा रिवाज असा, की माती दिल्यानंतरच्या रविवारी सगळ्यांनी गेलेल्याच्या दारावरून जायचं. पंपघराच्या पुलापासून त्याच्या फाटकापर्यंत कुणी अवाक्षर बोलायचं नाही. पेडलही थांबवायचं नाही, कारण थांबलं की मागचं चाक कटकटतं. घरच्यांना फक्त साखळ्यांची सळसळ ऐकू जावी. आणि त्याच्याबरोबर ज्याने सगळ्यात जास्त रस्ता तुडवला असेल, तो अध्यक्षाच्या शेजारी पुढच्या ओळीत.

तो मान इलेरचा होता.

पूल आणि फाटक यांच्यामध्ये एक वळण होतं, डावीकडे, काटकोनात. रोलांदने आदल्या दिवसापासून तेच धरलं होतं. "नको जाऊस. ताप आलाय सांग."

"फेर्नांने मला चाकाला चाक लावायला शिकवलं. त्याच्या दिवशी मी अंथरुणात पडून राहू?"

"मग पाठीमागे राहा, माझ्याजवळ."

"पुढची जागा सोडली तर सगळे विचारतील का म्हणून." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "आंसेल्म माझ्या डाव्या हाताला असेल. तो कडेने दिसतो मला. तो वळला की मी वळेन. आणि वाराही बदलतो तिथे, गालावर कळतो. घाबरू नकोस गं."

निघायच्या आधी चौकात आंसेल्म तिच्यापाशी आला. सगळे ऐकत होते. "रोलांद, एक विनंती. आज तेवढ्यापुरतं तोंड आवर. ओदेतने मुद्दाम निरोप पाठवलाय." ओदेत ही फेर्नांची बायको. "म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या फेरीत भोंगा नको."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला काढला. रोलांदच्या मानेवर चट्टे उठले. इतक्या दिवसांत कुणी ते नाव तोंडावर घेतलं नव्हतं. "बरं," ती म्हणाली, आणि तेही नीट ऐकू गेलं नाही.

पूल ओलांडला आणि सगळे गप्प झाले. आभाळ खाली आलेलं, कालव्याचं पाणी शिशासारखं. वारा मात्र अगदी पडलेला. आमच्या पाणथळीत असा दिवस महिन्यातून एखादा येतो आणि तो नेमका तेव्हाच यावा. रोलांद दोन ओळी मागे होती. इलेरची पाठ तिला दिसत होती, ताठ, अभिमानाने भरलेली. किती दिवसांनी तो कुणाच्या चाकामागे नव्हता. तिला भरून आलं, आणि त्याच वेळी तिची नजर पुढच्या वळणावर खिळली.

वळणापलीकडे फेर्नांचं फाटक होतं. तिथे ओदेत काळ्या कोटात उभी होती, तिच्या मागे निम्मं गाव. सगळे इकडेच बघत होते. आंसेल्मने डावा हात खाली करून खूण केली. बोलायचं नव्हतं ना. मागच्यांनी ती पाहिली आणि वेग कमी केला. आंसेल्मही जरा मागे पडला, वळण आतून घ्यायला. इलेरच्या डाव्या हाताला आता कुणी नव्हतं.

त्याने मान किंचित डावीकडे फिरवली, शोधल्यासारखी. आणि तो सरळच जात राहिला.

रोलांदचं तोंड उघडलं होतं. आवाज गळ्यापर्यंत आला होता. समोर ओदेत, तो सगळा काळा घोळका, आणि मागे ते फिसकन हसणं. कळलं असेल त्याला, वळेल आता, जन्म गेलाय याच रस्त्यावर, असं तिने स्वतःला समजावलं. एका श्वासाचा अर्धा भाग गेला असेल. मग ती ओरडली, "डावीकडे, इलेर," आणि तोवर पुढचं चाक गवतावर चढलं होतं.

पाणी फार उडालं नाही. बूट पेडलच्या चापांत अडकलेले होते आणि सायकल त्याला खाली घेऊन चिखलात रुतली. आंसेल्मने पहिली उडी मारली, त्याच्यामागे आणखी दोघांनी. छातीभर पाण्यात ते हातांनी चाचपडत राहिले. पाणी ढवळून काळं झालं होतं. शेवटी फाटकाजवळच्यांनी दोर आणला आणि सायकलीसकट त्याला वर ओढलं. आंसेल्मने त्याची छाती दाबली, तोंडातला चिखल काढला, पुन्हा दाबली. आगीचा बंब आणि डॉक्टर येईपर्यंत तो दाबतच होता. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबला.

रोलांद गवतात बसली होती. इलेरचे बूट तिने सोडवून मांडीवर घेतले होते.

"वळण कसं चुकला हा?" आंसेल्म थरथरत विचारत होता, तिला नाही, असाच. "इलेर चुकेल? डोळे मिटूनही आला असता इथून."

"त्याला दिसत नव्हतं," रोलांद म्हणाली. "वर्षं झाली. मी ओरडायची ते त्यासाठी."

ओदेत फाटकातून इथवर आली होती, ती तिथेच थबकली. एकेकाच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना ते सगळे रविवार आता आठवत होते, ते खड्डे, ते शेण, ते ट्रॅक्टर.

आंसेल्मच्या तोंडून निघून गेलं, "मग आज ओरडली का नाहीस?"

विचारलं आणि त्याचं त्यालाच कळलं. तो चिखलात मटकन खाली बसला. रोलांदने त्याला दोष द्यावा म्हणून तो वाट बघत होता, म्हणजे निदान तेवढं तरी हलकं झालं असतं. पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बुटांच्या नाड्यांतलं शेवाळ एकेक करून काढत होती.

"लाज वाटली मला," ती म्हणाली. "एवढ्या लोकांत."